कारंज्याखालचे मामा

माझे मामा जमिनीखाली काम करत. लहानपणी हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शेजारी बसणारी मैत्रीण एकदम गप्प झाली आणि मधल्या सुट्टीत तिने आपल्या डब्यातला अर्धा खाऊ मला दिला. तिला वाटलं, मामा गेले.

मामा गेले नव्हते, ते कारंज्याखाली होते. आमच्या शहराच्या मधल्या चौकात, वाचनालयाच्या रुंद पायऱ्यांसमोर, एक मोठं जुनं कारंजं आहे. मधोमध दगडी खांब आणि खांबावर काशाची परात. परात हा शब्द मामांचा, म्हणून मीही तोच वापरते. एरवी तिच्यात आमचं अख्खं स्वयंपाकघर मावलं असतं. खांबाच्या पोटातून पाणी वर चढतं, परातीत भरतं आणि काठावरून चहूबाजूंनी खालच्या हौदात पडतं. सगळं नीट चालू असलं की त्या पाण्याचा एक अखंड गोल पडदा होतो. हौदाच्या बाजूला, फरशीत, एक लोखंडी झाकण आहे. ते उचललं की चौदा पायऱ्यांची उभी शिडी, आणि खाली पंप, जाडजूड पाइप, एक मोठं चाक असलेला व्हॉल्व्ह, एक स्टूल, एक दिवा. एकोणतीस वर्षं मामांचं ऑफिस ते हेच. झाकण टणकन वाजायचं आणि आधी टोपी, मग दोन डोळे वर यायचे, म्हणून चौकातली मुलं त्यांना बेडूककाका म्हणत. मामांना त्याचा राग नव्हता. म्हणायचे, "बेडकाला निदान पाण्यातलं कळतं."

त्यांना पाण्यातलं खरंच कळायचं. पडदा फाटू द्यायचा नाही, एवढीच त्यांची नोकरी. पण पडदा फाटायला निमित्त काहीही पुरतं. वारा सुटला, जाळीत पानं अडकली, परातीच्या काठावर शेवाळ धरलं, की फाटला. मामा वर येऊन बघायचेसुद्धा नाहीत. खाली बसल्या बसल्या पाइपावर तळहात टेकवायचे आणि सांगायचे, "वाचनालयाच्या बाजूने गेलाय." वर जाऊन बघावं तर तिकडूनच गेलेला असायचा.

मी शहरात नोकरीला लागले आणि मामांकडेच राहायला आले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाचा उन्हाळ्याशी उभा दावा आहे.

आमच्याकडे उन्हाळा आला की शहर घराबाहेर येऊन बसतं. संध्याकाळी ऊन उतरलं की चौकात काही ना काही असतंच. एका रविवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर नाच, दुसऱ्या रविवारी बॅंड, मधेच एखाद्या आठवड्यात चित्रकारांचा जथा येतो आणि चौकाच्या फरशीवर खडूने एवढाली चित्रं काढतो की माणसं कडेकडेने, चपला हातात घेऊन जातात. बाहुल्यांचा खेळ असतो, कविता वाचणारे असतात, न्हाव्याच्या दुकानाबाहेर दोघे म्हातारे अकॉर्डियन वाजवत बसतात आणि त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. शहराला हे दोन-अडीच महिने जीव की प्राण. मामांना मात्र त्यातलं एकच वाक्य ऐकू यायचं. कुणीही आलं, माइक लावला, की पहिलं वाक्य हेच: "ते पाणी बंद करा."

ऑफिसातून तसा हुकूम यायचा. मामा कार्यक्रमाआधी खाली उतरायचे, चाक फिरवायचे, पडदा आकसायचा, धारा व्हायच्या, थेंब व्हायचे, थांबायचे. मग मामा झाकण लावून तडक घरी यायचे. सव्वीस उन्हाळे त्या चौकात गाणं-बजावणं झालं, आणि त्यातलं एकही मामांनी ऐकलं नव्हतं.

"अहो, थांबावं की जरा," मामी म्हणायची. "फुकट आहे, दारात आहे."

"ज्यांना माझं पाणी नको, त्यांचं गाणं मला कशाला?"

"तुमचं पाणी! जसं काही माहेराहून आणलंय."

मामी कापडाच्या गिरणीत माल तपासायला होती. दिवसभर उजेडासमोरून ताग्यामागून तागा सरकायचा आणि त्यात सुटलेला एक धागा तिने धरायचा. त्या नजरेपुढे घरात कुणाचं काही लपायचं नाही. मामा रुसलेत हे तिला दिसायचं, आणि त्यांना रुसू द्यायचं हेही तिने ठरवलेलं असायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच एका पहाटे मामा चौकात पोचले तर हौदाच्या कठड्यावर एक बाई आडव्या पडलेल्या. डोळे मिटलेले, एक कान दगडाला लावलेला. मामा घाबरले.

"बाई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

बाईंनी डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, हे गातंय."

"पंप आहे तो."

"पंप खाली घरघरतोय, तो वेगळा. त्याच्या वर एक सूर आहे. लांबलचक, खर्जातला. तुम्हाला ऐकू येत नाही?"

मामांना रागच आला. सव्वीस वर्षं ज्याच्या पोटात काढली, त्याबद्दल कुणी परक्याने येऊन विचारावं? ते म्हणाले, "कार्यक्रम आहे ना तुमचा? बंद करायचं असेल तर ऑफिसातून चिठ्ठी आणा."

बाई उठून बसल्या. "बंद? काका, माझ्या कार्यक्रमाला मला हेच तर पाहिजे."

या बाई मुलींच्या शाळेत संगीत शिकवत. शहरातलीच चाळीसेक हौशी माणसं जमवून त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी स्वतः बांधलेली एक रचना सादर करणार होत्या. त्यात वाजवणारे होते, गाणारे होते. पण जागा बघायला म्हणून त्या चौकात आल्या आणि कारंज्यापाशीच अडकल्या. अर्धी झालेली रचना त्यांनी त्याच दिवशी बाजूला ठेवली आणि पाण्याच्या सुरावर नवी बांधायला घेतली.

मामा संध्याकाळी घरी आले. जेवताना म्हणाले, "आज एक वेडी भेटली."

"काय म्हणाली?" मामीने विचारलं.

"म्हणाली, पाणी चालू ठेवा."

मामीने हातातला घास खाली ठेवला. "मग वेडी कशी?"

चार दिवसांनी बाई परत आल्या, सोबत एका कंपाउंडरांना घेऊन. हे गृहस्थ दिवसभर दवाखान्यात औषधं बांधून देत आणि संध्याकाळी व्हायोलिनचं ते थोरलं भावंड वाजवत, माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं. त्यांनी ते वाद्य दोघांच्या मदतीने चौकात आणलं आणि त्याची खालची टोकदार खुंटी हौदाच्या दगडी कडेवर रोवली. दुपार होती, चौकात चिटपाखरू नव्हतं. बाईंनी मामांना हाताला धरून कठड्यापाशी बसवलं आणि म्हणाल्या, "आता फक्त ऐका."

त्यानंतर काय झालं ते मामांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. कंपाउंडरांनी गज फिरवला. जाड, खालचा सूर निघाला. आणि पाण्याच्या आणि त्या सुराच्या मध्ये कुठेतरी एक थरथर उठली. वंव-वंव-वंव, अशी. ती तारेत नव्हती, पाण्यातही नव्हती. दोघांच्या मधल्या हवेत होती. मामांनी वळून मागे पाहिलं, मोटार आली असं वाटून.

"ही कुठून येतेय?" ते म्हणाले.

"दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की ती उठते," बाई म्हणाल्या. "काका, खाली जाऊन पाणी किंचित वाढवता का? अगदी किंचित."

मामा खाली उतरले. झाकण उघडंच ठेवलं. चाकाला हात घातला, केसभर फिरवलं. पाइपावर दुसरा हात होता. ती थरथर दगडातून, खांबातून, पाइपातून खाली त्यांच्या तळहातात आली होती. वंव... वंव... तिची चाल मंदावली. अजून केसभर. वं...व... वं......व. जसा पाळणा थांबत येतो तशी. आणि मग थांबली.

थांबली म्हणजे काय झालं हे सांगताना मामांना शब्द सापडायचे नाहीत. ते हात पसरायचे, मिटायचे. एकदा म्हणाले, "अगं, दोन माणसं एका दारातून जाताना खांद्याला खांदा लागतो ना, तसं चाललं होतं. आणि मग एकच माणूस राहिला." पंपाची घरघर होती तिथेच राहिली, पण तिच्या वर एक सूर उभा होता, एवढा मोठा की त्यात तार कुठली नि पाणी कुठलं हे सांगता येईना. तो त्यांच्या दातांत होता, बरगड्यांत होता. दिव्याची काच बारीक वाजत होती. सव्वीस वर्षं हे इथे होतं. रोज होतं. ते त्याच्या पोटात बसून डबा खात होते.

ते वर आले तेव्हा टोपी हातात होती. कंपाउंडर घाम पुसत म्हणाले, "तुमचं वाद्य माझ्यापेक्षा मोठं आहे हो."

मामांनी टोपी परत डोक्यावर चढवली. संध्याकाळी घरी येऊन मामीला म्हणाले, "ते खरंच गातंय गं."

पुढचे दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मामांनी चाकाच्या कडेला खडूने खुणा केल्या. सकाळी गारव्यात चाक कुठे, दुपारी कुठे, वारा असताना कुठे, सगळं एका वहीत लिहिलं. घरी आल्यावर ते वाजतील त्या सगळ्या वस्तूंना कान लावायचे. फ्रिजला लावला, पाण्याच्या टाकीला लावला. एकदा मामी झोपलेली असताना तिच्या घोरण्याला चमचा आणि पेला घेऊन सूर जुळवत बसले, आणि त्या दिवशी त्यांना रात्रीचं जेवण स्वतः वाढून घ्यावं लागलं.

ऑफिसचं एक विघ्न आलं. बाई परवानगी मागायला गेल्या तर साहेब म्हणाले, "पाणी बंद करायचा छापील अर्ज आहे माझ्याकडे. चालू ठेवायचा नाही."

बाई हिरमुसल्या होऊन मामांकडे आल्या. मामा हसायला लागले. "मग अर्ज कशाला? चालूच आहे की ते."

शेवटच्या रविवारी दुपारपासूनच चौक भरायला लागला. कारंजं चालू ठेवून गाणार म्हणे, ही बातमी शहरभर झाली होती. पायऱ्या भरल्या, कट्टे भरले, औषधाच्या दुकानावरच्या गच्चीत माणसं उभी राहिली. उकाडा मी म्हणत होता. बाईंनी हौसेने रंगीत कागदावर कार्यक्रमपत्रिका छापून घेतल्या होत्या आणि लोक त्यांनीच वारा घेत होते. मी आणि मामी चौथ्या पायरीवर बसलो. मामी म्हणाली, "आत्ता कुठे आहेत गं ते?"

मी बोट फरशीकडे केलं. तिने तिथे बघून मान हलवली, जशी कुणाला ओळख द्यावी तशी.

ऊन सोनेरी झालं तेव्हा बाई कारंज्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वाजवणारे एका बाजूला, गाणारे हौदाभोवती अर्धगोल करून. बाईंनी हात वर केला आणि काहीच केलं नाही. चौक हळूहळू गप्प होत गेला. मागची मुलं गप्प झाली, गच्चीतले गप्प झाले, कुणीतरी दुकानाचं शटर अर्ध्यावर थांबवलं. आणि मग, दीड-दोन हजार माणसांच्या त्या शांततेत, आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. पाण्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण त्याच्या आत, खाली, एक सूर होता. तो आत्ता सुरू झाला नव्हता, कधीपासूनचा चालूच होता. माझ्यापुढे बसलेल्या आजोबांनी चष्मा काढून हातात धरला, जणू चष्म्याने ऐकू कमी येतं.

कंपाउंडरांनी त्याच सुरात गज टेकवला. मग बाकीच्या तारा, मग बासऱ्या, मग गाणारे. त्या गाण्याला शब्द नव्हते. सगळं त्या एका सुरातून निघत होतं आणि फिरून त्याच्यापाशी येत होतं, घारी उंच जाऊन गोल फिरतात तसं. बाईंचा हात खाली यायचा आणि सगळे थांबायचे, आणि पाणी एकटंच उभं असायचं. मग पुन्हा सगळे. मला आठवतं, मामी कधी उभी राहिली ते तिला कळलं नव्हतं. मागच्या बाईने "बसा हो" म्हटलं नाही. तीही उभी होती.

अर्धं झालं असेल, आणि ते बिघडलं.

आधी वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं. कंपाउंडरांनी कपाळाला आठी घातली. मग मला ती थरथर ऐकू आली, वंव-वंव, आणि ती वाढत होती. मामीने माझा दंड धरला. "वाचनालयाच्या बाजूने," ती पुटपुटली. पडद्याला आमच्याच बाजूने एक उभी फट पडली होती.

खाली मामांना ते आमच्या आधी कळलं होतं. पाणी कमी पडत होतं. ते चाक उघडत होते, थोडं, अजून थोडं, आणि खडूची शेवटची खूण मागे पडली तरी पुरत नव्हतं. त्यांनी हौदाकडून येणाऱ्या पाइपावर टॉर्च मारला. जाळीच्या झाकणावर बारीक काचेची खिडकी होती. तिच्यात गुलाबी, पिवळा, हिरवा लगदा दिसत होता. कार्यक्रमपत्रिका. दुपारभर मुलांनी त्यांच्या होड्या करून हौदात सोडल्या होत्या.

जाळी बदलायची तर पंप बंद करावा लागतो. व्हॉल्व्ह मिटायचा, झाकणाचे चार नट सोडायचे, भरलेली जाळी काढून दुसरी, कोरडी बसवायची, नट आवळायचे, हवा काढायची, पंप चालू. मामांचा हात कितीही चालला तरी दीड मिनिट. नाही बदलली तर सूर असाच घसरत जाणार आणि वरच्या चाळीस जणांना खड्ड्यात घेऊन जाणार. मामा मला म्हणाले, "त्या वेळी मनात एकच होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं, बंद करू नका. आणि मीच बंद करणार."

त्यांनी पंप बंद केला.

वर पडदा एकदम विरला. धारा झाल्या, थेंब झाले, थांबले. परात काठोकाठ भरलेली, हललीसुद्धा नाही, आणि तिच्यात संध्याकाळचं आभाळ. सूर गेला. चौकाखालून कुणी जमीन काढून घ्यावी तसं वाटलं. वाजवणारे एकेक करून थांबले. बाईंनी झाकणाकडे पाहिलं, मग गाणाऱ्यांकडे. त्यांनी डावा हात छातीपाशी आणला आणि पंजा आडवा धरला. स्थिर.

आणि गाणाऱ्यांनी पाण्याचा सूर धरला.

तो सगळ्यांच्या पट्टीत नव्हता. पुरुषांनी खालून धरला, बायकांनी त्याच्यावरचा. एकाचा श्वास संपला की शेजारचा पुढे नेत होता. बाई हात हलवत नव्हत्या. चाळीसातले वीस-बावीस गळे, कोरड्या कारंज्याभोवती, पाणी जिथे सोडून गेलं होतं नेमक्या तिथे तो सूर धरून उभे होते. त्यात ताल नव्हता, चाल नव्हती, काही नव्हतं. कुणीतरी आपलं मूल आपल्या हातात देऊन आत जावं आणि ते येईपर्यंत आपण त्याला हलवूही नये, तसे ते उभे होते. आमच्या पायरीवरच्या एका बाईने तोंड मिटूनच तो सूर लावला. मग तिच्या शेजारच्याने. मग मला कळलं की मीही लावलाय. पायऱ्यांवरून, कट्ट्यांवरून, गच्चीतून तो उठायला लागला. माझा तर गळा बेसूर म्हणून घरात प्रसिद्ध आहे. त्या दिवशी बेसूर होणं शक्यच नव्हतं. तो सूर माणसाला उचलून जागेवर ठेवत होता.

खाली पंप थांबलेला. वर कार्यक्रम चालू असताना अशी शांतता मामांनी त्या खोलीत कधी ऐकलीच नव्हती. हात नट सोडत होते, आणि झाकणाच्या फटीतून तो आवाज खाली येत होता. आधी त्यांना वाटलं पाणी अजून चालूच आहे. मग वाटलं पाइपात प्रतिध्वनी राहिलाय. तिसरा नट सुटला तेव्हा उमगलं की ही माणसं आहेत. "माझा सूर त्यांनी सांभाळून ठेवला होता गं," ते म्हणायचे. "मी येईपर्यंत."

जाळी बसली. नट आवळले. हवा फुसफुसून निघाली. मामांनी पंप चालू केला आणि डाव्या हाताने पाइप धरला, उजव्याने चाक. वर पाणी परातीच्या काठावरून उतरलं, आधी धारांनी, मग पडद्याने, आणि थरथर उठली, जोरात, सगळा चौक वंव-वंव करायला लागला. मामांनी डोळे मिटले. केसभर. केसभर. थरथर मंदावली. अजून अर्धा केस. आणि पाणी त्या दोन हजार माणसांच्या सुरात असं शिरलं की शिवण दिसली नाही. शिवण दिसली नाही हे मामीचं म्हणणं आहे, आणि कापडाच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा असतो.

बाईंचा हात वर गेला. वाजवणारे परत आले. त्यानंतरची दहा मिनिटं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं की शेवटी एकेक वाद्य गप्प होत गेलं, गाणारे गप्प झाले, आणि सुरुवातीसारखं पाणी एकटं उरलं, आणि कुणीही टाळी वाजवली नाही. किती वेळ तरी नाही. मग वाजवली तेव्हा चौकातली कबुतरं उठली ती वाचनालयाच्या पलीकडे गेली.

सगळे वाकून नमस्कार करत होते आणि झाकण काही उघडेना. शेवटी बाईंनीच जाऊन ते उचललं. मामा खाली स्टुलावर बसलेले, नखशिखांत भिजलेले, मांडीवर कागदाच्या लगद्याने भरलेली जाळी.

"बाई, मी खाडा पाडला," ते खालूनच म्हणाले. "चाळीस जणांची दोन महिन्यांची मेहनत."

बाई शिडीवरून खाली उतरल्या. त्यांनी काय सांगितलं ते त्या दोघांनाच माहीत. मामांनी ते कधी सांगितलं नाही. पण थोड्या वेळाने बाईंचं डोकं झाकणातून वर आलं आणि त्या वाजवणाऱ्यांना म्हणाल्या, "खाली या. सगळे या. पण चार-चार जणच या, जागा नाही."

मग मी जे पाहिलं तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. लोक पांगत होते, उजेड अजून होता, आणि चांगल्या कपड्यांतली चाळीस माणसं एका लोखंडी झाकणासमोर रांग लावून उभी होती. चौघे उतरायचे, थोड्या वेळाने वर यायचे, आणि वर येणाऱ्यांचे चेहरे बघून रांगेत उभे असलेले बोलता बोलता थांबायचे. खाली मामा प्रत्येकाचा हात धरून पाइपावर ठेवत होते. "इथे. नाही, थोडं खाली. आता बोलू नका." कंपाउंडर तर कपाळच टेकवून उभे राहिले आणि निघेनात, मागचे ओरडायला लागले तेव्हा निघाले.

सगळ्यांत शेवटी मामी उतरली. सव्वीस वर्षांत तिने त्या शिडीवर एकदाही पाय ठेवला नव्हता. मामांनी कधी बोलावलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. मी झाकणापाशी वाकून बघत होते. ती खाली पोचली, इकडेतिकडे बघितलं, दिवा बघितला, खुंटीवरचा टॉवेल बघितला आणि म्हणाली, "हा आपला निळा टॉवेल इथे आहे होय. मी घरभर शोधतेय."

"अगं, हात दे," मामा म्हणाले.

तिने हात पाइपावर ठेवला. मामांनी आपला तिच्या शेजारी ठेवला. मी वरून तिच्याकडे बघत राहिले. गिरणीत उजेडासमोर उभी असते तशीच ती उभी होती, मान किंचित तिरकी, पापणी न हलवता. मग ती म्हणाली, "रोज असंच असतं?"

"रोज."

"आणि मी तुम्हाला घरी लवकर या म्हणते," मामी म्हणाली.

मामा पुढे तीन वर्षं त्या कामावर होते. साहेबांनी पाणी चालू ठेवायचा छापील अर्ज करून घेतला, आणि तो सगळ्यांत जास्त वेळा मागितला जातो असं ऐकते. बाईंनी पुढच्या वर्षी त्या दीड मिनिटाची जागा रचनेतच मुद्दाम ठेवली. शहरातले अर्धे लोक छातीठोकपणे सांगतात की ती पहिल्यापासूनच होती. मामांच्या जागी आता एक मुलगी आली आहे, पंपांचं शिकून आलेली, हुशार. पहिल्या आठवड्यात मामा तिच्याबरोबर रोज जात. तिने प्रवाह मोजायचं यंत्र लावलं, ते त्यांना आवडलं. तिने आकडा वाचला की मामा पाइपाला हात लावायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. अर्धा केस कमी आहे फक्त."